अठरावा भाग सांगायचा राहिला

बातमी आली तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. नाशिकच्या माझ्या दवाखान्यातून सकाळचा शेवटचा पेशंट नुकताच बाहेर पडला होता, मी डबा उघडून बसले होते, आणि फोनवर सलीलचा एका ओळीचा निरोप आला. ‘देवजीकाका गेले. परवा, झाईला, घरीच.’ मी तो वाचला, डबा परत बंद केला आणि घड्याळाकडे पाहिलं. सव्वादोन... म्हणजे डहाणूच्या आमच्या रुग्णालयात आता जेवणं आटोपली असतील, भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली असेल, वॉर्डातले पंखे घरघरत असतील आणि लिननरूममधलं शिवणयंत्र सुरू झालं असेल. हे सगळं मनात येऊन गेलं आणि मग आठवलं, की ते यंत्र गेलं सव्वा वर्ष बंद आहे. मला ते पक्कं ठाऊक होतं. तरी कानात ते चालूच राहिलं.

त्याला आता सहा आठवडे झाले. देवजीकाका आमच्या रुग्णालयाचे शिंपी होते. रुग्णालयाला शिंपी लागतो हे बाहेरच्या माणसाच्या ध्यानीमनीही नसतं, माझ्याही नव्हतं. पण फाटलेल्या चादरी, उसवलेले गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं, तान्ह्या पोरांची झबली हे सगळं कुणीतरी शिवत असतंच. मागच्या बाजूला, धुणीघराला लागून, पश्चिमेकडे मोठ्या खिडक्या असलेली एक लांबट खोली होती. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर चादरींच्या घड्या, मधोमध कापडं बेतायचं टेबल आणि खिडकीशी पायाने चालवायचं काळं यंत्र. यंत्रामागे देवजीकाका. पन्नाशी उलटलेले, अंगाने काटक, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. राहायला झाईच्या मागच्या एका पाड्यावर. लहानपणी कोसबाडला शिकायला होते, तिथेच सुई हातात आली. वाचायचं म्हणाल तर मराठी अडखळत, इंग्रजी अजिबात नाही. माझा मेडिसिनचा अभ्यास या माणसाने करून घेतला असं मी सांगते तेव्हा माझे हुशार मित्र हसतात. हसोत बापडे.

मी डहाणूला गेले २०१४ साली, कराडहून. एमबीबीएस झाल्यावर तज्ज्ञ व्हायचं तर तीन वर्षं रुग्णालयात राहून काम करायचं आणि शेवटी परीक्षा द्यायची. अशा डॉक्टरला रेसिडेंट म्हणतात. मेडिसिनला आम्ही दोघंच होतो, मी आणि सलील. तलासरीपासून, कासापासून, कुठल्या कुठल्या पाड्यांवरून माणसं यायची. ताप, धाप, सर्पदंश, सिकलसेलच्या दुखण्याने कण्हणारी पोरं. कुणी चालत, कुणी जीपमध्ये दहाजणांत अकरावं बसून. लोक मला अजून विचारतात, एवढ्या कामात तुम्ही अभ्यास करता तरी कधी? खरं उत्तर असं, की ‘अभ्यासाची वेळ’ म्हणून काही नसतेच. असतात त्या फटी. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंतची दहा मिनिटं. संमतीच्या कागदावर अंगठा उठवायला रुग्णाचा नातेवाईक शोधून आणेपर्यंतची पाच मिनिटं. एखाद्याला ॲम्ब्युलन्सने वलसाडला पोचवलं की येतानाचा रिकामा तास. आणि या फटींमध्ये घालायला आमच्याकडे काय, तर दोन्ही हातांनी उचलावं लागणारं मेडिसिनचं इंग्रजी पुस्तक! मी ते जिथे जाईन तिथे नेत होते आणि जिथे जाईन तिथे विसरत होते.

एकदा ते चादरींच्या ढकलगाडीवर ठेवलं आणि एका बेशुद्ध माणसाकडे धावले. पुस्तक मळक्या चादरींबरोबर धुणीघरात गेलं. देवजीकाकांनी ते भट्टीच्या तोंडातून काढलं आणि पोटाशी धरून वॉर्डात घेऊन आले. मला नाव माहीत नव्हतं त्यांचं. तिकडे ताईला बेन म्हणतात, तसे ते म्हणाले, “बेन, याला चाकं लावून देऊ का?”

मी ओशाळून हसले. त्यांनी माझ्या ॲप्रनचा खिसा दोन बोटांनी ताणून पाहिला, पुस्तकाच्या जाडीवर वीत ठेवली आणि म्हणाले, “कापायला पायजे.”

पुस्तक कापायचं! आमच्या घरी पुस्तकाला पाय लागला तर हात लावून डोळ्यांना लावायचा. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दुपारी ते लिननरूममध्ये घेऊन गेले. काकांनी ते टेबलावर ठेवलं, हात धुऊन आले, पुस्तकाच्या पाया पडले. कात्रीच्याही पाया पडले. मग बांधणीतून धारदार पातं फिरवून बोटभर जाडीचा तुकडा अलगद सोडवला, कडेला आरीने भोकं पाडली, जाड दोऱ्याने शिवला आणि वर ऑपरेशनच्या जुन्या हिरव्या कापडाचं कव्हर घातलं. चादरींवर वॉर्डाची खूण दोऱ्याने घालतात तशी कव्हरवर पांढऱ्या दोऱ्याने खूण घातली, मराठी एक. अंगठ्याएवढा ठसठशीत एक. तो भाग माझ्या खिशात असा बसला, जणू खिसा त्याच्यासाठीच शिवलेला होता. उरलेलं पुस्तक त्यांनी कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. “हा वाच. वाचून झाला का मना सांग, यात काय हाय तो. मंग दुसरा कापीन.”

“तुम्हाला सांगू? काका, हे डॉक्टरकीचं आहे.”

“मना नाय समजला तं तुझ्या पेशंटला काय समजनार?” असं म्हणून त्यांनी यंत्रावर पाय ठेवला. संभाषण संपलं.

अशी ती रीत पडली आणि पुढे अडीच वर्षं चालली. दुपारी दोन ते तीन वॉर्ड झोपलेला असायचा. आयाबाई पायरीवर बसून तांदूळ निवडायच्या, सलील एक दिवस वॉर्ड सांभाळायचा, मी एक दिवस. सुटीच्या त्या तासाला मी लिननरूममध्ये जायची. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून सांगायला लागायचं. यंत्र थांबलं की समजायचं, काकांना प्रश्न पडलाय. पहिले काही आठवडे ते सारखं थांबायचं आणि मला राग यायचा. मग हळूहळू माझ्या बोलण्यातून एकेक इंग्रजी शब्द गळत गेला. सिकलसेल समजावताना मी सांगत होते, रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. काका म्हणाले, “विळा तं कापतो. दुखतो कशाला?” मला सांगता येईना. तेव्हा त्यांनी डबीतून एक वाकलेली सुई काढली, दुहेरी कापडात घातली आणि ओढून दाखवली. ती अडकली, मागचा दोरा गोळा झाला. “असा होत असंल.” अगदी तसंच होतं. आजही मी त्या आजाराच्या पोरांच्या आयांना वाकड्या सुईचीच गोष्ट सांगते, आणि त्या लगेच मान डोलावतात.

लिननरूमच्या मागे चादरी वाळत घालायचं मैदान होतं. दहा-बारा दोऱ्या, त्यांवर पांढऱ्या चादरींच्या रांगा, आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटला की त्या सगळ्या एकदम फुगायच्या. दोन रांगांमध्ये माणूसभर रुंदीची गल्ली व्हायची. मी हातात हिरवा भाग घेऊन त्या गल्ल्यांतून वाचत फिरायची. डावीकडे पांढरं, उजवीकडे पांढरं, वर थोडंसं आभाळ, साबणाचा आणि उन्हाचा वास. कुणाला मी दिसायचे नाही, कुणी हाक मारायचं नाही. एखादी चादर येऊन गालाला लागायची, ओलसर, गार, आणि वाचलेली ओळ तिथल्या तिथे मनात बसायची. मूत्रपिंडाचा अख्खा भाग मी त्या गल्ल्यांत वाचला. अजून एखाद्या रुग्णाच्या पायावरची सूज दाबून बघताना मला क्षणभर पांढरं पांढरं दिसतं आणि यंत्राची खटखट लांबून ऐकू येते. तेव्हा मी चोवीस-पंचवीसची होते, झोप कायम अर्धी झालेली, त्यामुळे कदाचित जेवढं होतं त्याहून ते मऊ आठवत असेल... असू दे.

एक भानगड मात्र होती. काका पुस्तक कापायचे ते खिशाच्या मापाने. धडा कुठे संपतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यामुळे आजार एका भागात आणि त्याचे उपचार पुढच्या भागात, असं सर्रास व्हायचं. हृदयाची झडप अरुंद झालेला एक काल्पनिक रुग्ण तीन आठवडे माझ्या डोक्यात विनाउपचार धापा टाकत पडून होता. मी तक्रार केली. “काका, धडा संपू द्या ना! चार पानं जास्त झाली तर काय बिघडलं?”

“खिशाचा माप तेवढाच हाय, बेन. जास्त घातला तं उसवंल.” आणि मग डोळे बारीक करून, “तेवढ्यासाठी तं तू पुढचा मागशील.”

चौथा भाग ॲप्रनच्या खिशात राहून धुवायला गेला. काकांनी तो सोडवला, पानन् पान चादरींच्या घड्यांत घालून सुकवलं, इस्त्री केलं आणि परत शिवला. पानं तेव्हापासून कडक आहेत, वाजतात. वाचून झालेले भाग त्यांच्याच कपाटात जायचे, कारण माझ्या खोलीत काही टिकत नाही हे एव्हाना जगजाहीर झालं होतं.

पहिल्या वर्षी एका रविवारी मी आणि सलील त्यांच्या घरी गेलो होतो. झाईची बस घोलवड-बोर्डीवरून चिकूच्या वाड्यांमधून जाते आणि मग एकीकडे सुरूची झाडं आणि त्यांच्या फटींतून समुद्र. कुठे महाराष्ट्र संपतो आणि गुजरात लागतो ते सांगायला कुणी नसतं, फक्त दुकानांच्या पाट्या बदलतात. रतनकाकींनी तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण वाढलं. काका घरातही शिवत बसले होते. पाड्यावरच्या एका मुलीच्या लग्नाचं पोलकं होतं. टिपा अशा, की हात फिरवला तर लागू नयेत. सलील म्हणाला, आपल्या सरांनी पोटाला घातलेले टाके यांच्यापुढे गोधडीचे वाटतात. काका लाजले. कामाची तारीफ झाली की ते चष्मा काढून पुसायचे.

आता सतराव्या भागाकडे यायला हवं. मी ते इतका वेळ लांबवलं, हे माझं मलाच दिसतंय.

तो मेंदूचा आणि नसांचा भाग होता. २०१७ ची सुरुवात, अंतिम परीक्षा काही महिन्यांवर. मी चादरींवर बसून कंपवात सांगत होते. त्या धड्यात एक रेखाचित्र आहे. कमरेत, मानेत थोडा वाकलेला, हात कोपरात दुमडलेला, पुढे झुकून चालणारा म्हातारा. मी ते पान काकांसमोर धरलं आणि ऐटीत सांगू लागले. नाव कंपवात असलं तरी काहींना कंप फारसा नसतोच. अंग ताठतं. हालचाल मंदावते. चेहऱ्यावरचं हसू कमी होतं, घरच्यांना वाटतं माणूस रागावलाय. सगळंच लहान लहान होत जातं, काका... पावलं लहान पडतात, आवाज लहान होतो, अक्षर तर इतकं बारीक होत जातं की ओळीच्या शेवटी मुंगीएवढं.

यंत्र थांबलं.

“अक्षर?”

“हो. लिहिताना सुरुवातीला मोठं, मग बारीक बारीक.”

ते चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आनि टाके?”

मी हसले. खळखळून हसले. “टाक्यांचं पुस्तकात नाही लिहिलेलं हो! पुस्तक लिहिणाऱ्यांना काय शिवता येतंय?”

तेही हसले, जरा उशिरा. “यावर दवा हाय का?”

मी पान उलटलं. भाग तिथेच संपत होता. शेवटच्या ओळीत वाक्यसुद्धा अर्धंच होतं. “बघा, तुमच्याच कात्रीची कमाल. औषध अठराव्या भागात आहे. तो कापून द्या, पुढच्या खेपेला सांगते.”

त्यांनी अठरावा कापला, शिवला, मला दिला. आणि मी तो त्यांना सांगितला नाही. मुद्दाम नव्हे. मदतीला आलेली तात्पुरती डॉक्टर सोडून गेली, माझी ड्युटी वाढली, परीक्षेचा अर्ज, प्रबंधाचे कागद. एकोणीस ते एकवीस हे तिन्ही भाग मी एकदमच मागून घेतले. “काका, आता सांगायला वेळ नाही, परीक्षा झाली की सगळं सांगेन.” त्यांनी नियम मोडून एकेक करत तिन्ही भाग शिवून दिले. एवढा वेळ का लावताहेत म्हणून मी एकदा कुरकुरलेही होते.

त्या परीक्षेत मी नापास झाले. थोडक्यात, पण नापास ते नापास. सलील पास होऊन गेला. आपण मूर्ख आहोत असं वाटण्याचे ते दिवस होते. वॉर्डात पेशंट मला डॉक्टर म्हणायचे आणि मला मागे वळून कोण आलंय ते बघावंसं वाटायचं. त्याच रुग्णालयात नोकरी करत पुन्हा बसायचं ठरवलं. दुसऱ्या खेपेला कपाटातले सगळे भाग बाहेर काढले, टेबलावर ओळीने मांडले, आणि सतरावा नव्हता.

काका म्हणाले, “नाय सापडत, बेन. ॲप्रनमधून धुवायला गेला असंल.” बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, घडी करत होते. घडी नीट बसत नव्हती. मी बोलू नये ते बोलले. म्हणाले, “एक वस्तू सांभाळता आली नाही तुम्हाला? वर्ष माझं जायचं आहे, तुमचं नाही. तुमच्यावर विसंबले हीच चूक झाली माझी.” ते घडी उलगडून परत घालू लागले. चेहरा कोराच होता, आणि तो कोरा चेहरा बघून मला आणखी राग आला, की यांना काहीच कसं वाटत नाही. सलीलकडून झेरॉक्स मागवून मी मेंदूचा अभ्यास केला. त्यानंतर दुपारी लिननरूममध्ये जायचंही कमी झालं.

प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्या शहरात होती. मला तपासायला दिलेला रुग्ण एक निवृत्त मास्तर होते. दारापासून खुर्चीपर्यंत ते आठ पावलं चालत आले, डावा हात हलत नव्हता, आणि चौथ्या पावलालाच मला आजार कळला. परीक्षकांनी विचारलं तेव्हा मी त्यांना लिहायला लावलं, अक्षर बारीक होत गेलेलं दाखवलं, चेहऱ्यावर भाव का दिसत नाहीत ते समजावलं, घरच्यांचा गैरसमज कसा होतो तेही सांगितलं. परीक्षक माझ्या सांगण्यावर खूश झाले. एक म्हणाले, “इतकं सोपं करून सांगायला कुणी शिकवलं?” मी पास झाले. एका परक्या माणसाला मी आठ पावलांत ओळखलं. रोज ज्यांच्या समोर बसत होते त्यांना... पण ते मला अजून माहीत नव्हतं.

अभ्यासासाठी घेतलेली रजा संपवून, पेढे घेऊन डहाणूला परतले तर लिननरूममधल्या यंत्रावर चादर टाकलेली होती. काकांनी काम सोडलं, हात चालेना म्हणे, वय झालं, असं धुणीघरातल्या बाईने सांगितलं. माझे वीस भाग तेवढे एका उशीच्या अभ्र्यात बांधून, माझं नाव सांगून ठेवले होते. झाईला जायचं ठरवलं. मग नाशिकचा दवाखाना, सामान, घर. पुढच्या महिन्यात जाऊ, दिवाळीनंतर जाऊ. मला वाटतं माझ्या मनात रागावून बोलल्याची लाज होती आणि ती लाज मला दर वेळी एक नवं कारण काढून द्यायची. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

सलीलचा निरोप आल्यावर त्या रविवारी गेले. तीच बस, तीच सुरूची झाडं. पाड्यावरचं घर सारवलेलं होतं. रतनकाकींनी मला ओळखलं, पाणी दिलं आणि शेजारी बसल्या. त्यांनी सगळं सांगितलं ते रडून नाही, एखादं काम उरकावं तसं. चार-पाच वर्षं शरीर आखडत चाललं होतं. आधी हात, मग चाल. भाचा शेवटी गेल्या वर्षी वलसाडला घेऊन गेला, तिथे कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या. “गोळ्यांनी फरक पडला ना, बेन. माजा पोलका शिवला त्यांनी. हा बघ, हाच.” अंगावरचं पोलकं त्यांनी खांद्याशी ओढून दाखवलं. “पन लय उशीर झाला व्हता. पावसात अंगनात पडले, खुब्याचा हाड मोडला, मंग उठलेच नाय. छातीत कफ भरला.”

मी विचारलं, “काकी, मला का नाही सांगितलं? मी रोज तिथे होते.”

“मी म्हनली त्यांना, बेनला दाखवा. तं बोलत, बेनची परीक्षा हाय. तिला कललं तं ती मना घेऊन फिरत बसंल, आनि वरीस जायचा तिचा.” मग त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून एक हिरवी वस्तू घेऊन आल्या. पांढऱ्या दोऱ्याने सतरा. “हा तुजा. चोरून आनला व्हता. तू रागावलीस तेव्हा दोन दिस जेवले नाय, पन परत द्यायला मन नाय झाला. यातला एक मानूस बघत बसायचे. बोलत, पुस्तकवाल्याने माजा फोटो कुटं बघितला?”

भाग आपसूक त्याच पानावर उघडला. पानांच्या मध्ये पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा होता, दोन्ही टोकांना गाठ मारलेला. वाकलेला म्हातारा चालत होता.

“काय बी विचारला तं बोलायचे, याचा पुढचा बेन सांगनार हाय,” काकी म्हणाल्या. “पुढं काय लिवलाय गं?”

मी डॉक्टर आहे, रोज वीस लोकांना त्यांचे आजार समजावून सांगते, आणि त्या अंगणात मला एक शब्द सुचला नाही. काकींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि भाकरी टाकायला उठल्या.

घरी आल्यावर अभ्रा सोडला आणि एकवीसही भाग खिडकीशी ओळीने लावले. पहिल्यांदाच ते सगळे एकत्र होते. पहिल्या भागावरचा एक अंगठ्याएवढा. पाचव्यावर पाच तेवढाच. नवव्यावर जरा लहान. तेराव्यापासून आकडे आक्रसत जातात, टाके एकमेकांत शिरतात, आणि एकवीस तर डोळ्यांजवळ नेल्याशिवाय वाचता येत नाही. अडीच वर्षं दर दीड-दोन महिन्यांनी तो माणूस माझ्या हातात आपला आजार ठेवत होता, हिरव्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने, आणि मी तो खिशात घालून आजार शिकायला जात होते. बिचाऱ्यांनी विचारलंही होतं. टाके? दोन वर्षं आधी गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर किती झबली, किती पोलकी... मी तो हिशेब करत नाही. करवत नाही.

आता माझ्या तपासणीच्या टेबलाच्या खणात सुई-दोरा असतो. शिवणाऱ्या बाया-माणसांना मी लिहायला सांगत नाही, चार टाके घालायला सांगते. पुस्तकात अजून ते आलेलं नाही.

सतरावा आणि अठरावा मी शेजारी शेजारी ठेवलेत. दोरा जिथे होता तिथेच आहे. डबा खाऊन झाला की मधला तास मोकळा असतो. परवा त्या तासात अठरावा हातात घेतला, चौथ्या भागासारखा तो वाजत नाही, मऊ आहे. सतराव्याच्या शेवटच्या ओळीत अर्धं राहिलेलं वाक्य अठराव्याच्या पहिल्या ओळीत पुरं होतं. खुर्ची खिडकीकडे वळवली, दार लोटून घेतलं आणि एकही इंग्रजी शब्द न वापरता मोठ्याने सांगायला सुरुवात केली.

“यावर औषध आहे, काका.”